वस्तुसंग्रहालय : कोणाची ठेव?

गेल्या श्रावणांत एका पावसाळी दुपारीं आम्ही मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत गेलों होतों. बरोबर आमच्या वडील भगिनी आक्का आणि दहा वर्षांची नात अशीं दोघें होतीं. संग्रहालय आम्हांस नवें नव्हतें. शाळेंत असतांना मास्तरांच्या मागून रांगेनें जें पाहिलें, तेंच पुढें मुलांना दाखविलें, आणि आतां मुलांच्या मुलांना दाखविण्याची पाळी आली होती. अशा वेळीं मनुष्य वस्तु पाहत नाहीं. ती पूर्वीं पाहिली होती एवढी खूण पटवून घेतो आणि पुढें सरकतो. प्रसिद्ध वस्तूंचें तर हें दुर्दैवच म्हणावयाचें. जी गोष्ट पाहण्यासारखी आहे हें सर्वांस ठाऊक असतें, ती पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाहीं.

नातीला आमच्या आठवणींशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. ती एका मातीच्या पुतळ्यापुढें थांबली ती हलेना. हा पुतळा सिंध प्रांतांतील मीरपूर खास येथल्या बौद्ध स्तूपांतून निघालेला. हातांत फूल घेतलेला एक उपासक उभा आहे. केस नीट विंचरलेले, चेहरा तृप्त, आणि दीड हजार वर्षें लोटलीं तरी अंगावर रंगाच्या खुणा अजून शिल्लक आहेत. तिनें विचारलें, "आजोबा, हा इथें कसा आला?" आम्हीं फलकांवर असते तशी माहिती सांगितली : पक्व मृत्तिका, पांचवें-सहावें शतक, मीरपूर खास. ती म्हणाली, "तें नव्हे. याला आणलें कोणीं? आणि तिथल्या लोकांना तें चाललें का?"

आम्हीं सांगितलें, "सरकारनें आणलें." मुलांच्या पुष्कळ प्रश्नांतून या एका उत्तरावर आमची सुटका आजवर झालेली आहे. त्या दिवशीं तिची झाली, पण आमची झाली नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, कोठल्याहि वस्तुसंग्रहालयाच्या फलकांत बहुधा क्रियापद नसतें. वस्तूचें नांव असतें, द्रव्य असतें, शतक असतें, स्थळ असतें. क्वचित् देणगीदाराचें नांव असतें. परंतु कोणीं काढलें, कोणीं नेलें, कोणास विचारून नेलें, हें सांगणारें वाक्य नसतें. 'प्राप्तिस्थान' हा शब्द तर मोठा चतुर आहे. दान मिळालें तरी प्राप्तच, विकत घेतलें तरी प्राप्तच, लुटून आणलें तरीहि प्राप्तच. जणूं काय त्या मूर्ति आपल्या पायांनीं चालत आल्या आणि येथें कांचेच्या कपाटांत उभ्या राहिल्या! व्याकरणांत कर्ता लुप्त असला तरी वाक्य शुद्ध राहूं शकतें. नीतिशास्त्रांत तसें होत नाहीं.

ज्या इमारतींत आम्ही उभे होतों, तिचाच विचार करा. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं तेव्हांचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील पंचम जॉर्ज, यांच्या हस्तें तिची कोनशिला बसली. जॉर्ज विटेट या शिल्पज्ञानें कुर्ल्याचा करडा व मालाडचा पिवळसर दगड वापरून ती उभारली. बांधकाम १९१४ सालीं पुरें झालें, तोंच महायुद्ध सुरू झालें आणि कलावस्तूंच्या जागीं जखमी शिपाई आले. लोकांस दरवाजे उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजीं. आणि राजपुत्राच्या नांवाच्या जागीं शिवछत्रपतींचें नांव लागलें तें १९९८ सालीं. हा सर्व इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. पण मधल्या घुमटाखालीं उभें राहून वर पाहिलें असतां जे कोरीव लांकडी कठडे व कमानी दिसतात, त्या नाशिकच्या एका जुन्या वाड्याच्या आहेत, हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. विटेटनें त्या विकत घेतल्या आणि आपल्या नव्या इमारतीच्या पोटांत बसविल्या. त्या तेथेंच राहिल्या असत्या तर? आमच्या वाडवडिलांच्या वाड्यांचें काय झालें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तुळया लांकडाच्या वखारींत, दारांच्या चौकटी जुन्या बाजारांत, आणि महिरपीच्या कोरीव फळ्या न्हाणीघराच्या बंबांत. तेव्हां त्या कठड्याकडे पाहून आम्हांस आनंद झाला, आणि त्या आनंदांत आपणहि त्या वखारवाल्याचेच भाऊबंद असल्याची थोडी लाज मिसळली होती, हेंहि कबूल केलें पाहिजे.

आतां मीरपूर खासकडे वळूं. १९०९-१० सालीं पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनीं तेथील काहू-जो-दडो या टेकाडाचें उत्खनन केलें. त्या काळीं सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. आपल्याच इलाख्यांतील वस्तु इलाख्याच्या राजधानींत आणून ठेवणें यांत कोणास कांहीं वावगें वाटण्याचें कारण नव्हतें. नागपूरची वस्तु आज मुंबईस आणावी इतकेंच तें साधें होतें. शिवाय टेकाडाच्या विटा आसपासच्या कामांसाठीं त्यापूर्वींपासूनच उपसल्या जात होत्या, तेव्हां जें हातीं लागलें तें वांचलें असेंच म्हणावें लागेल. येथें चोर नाहीं, लुटारू नाहीं, गाफील मालक नाहीं. पण पुढें १९३६ सालीं सिंध वेगळा प्रांत झाला आणि १९४७ सालीं तो दुसऱ्या देशांत गेला. मूर्ति जागच्या हलल्या नाहींत, सीमाच हलली. परिणाम मात्र असा कीं, मीरपूर खासच्या एखाद्या मुलीला आपल्या गांवचा हा उपासक पाहावयाचा असेल तर परदेशाचा परवाना मिळवावा लागेल, आणि तो मिळणें किती सोपें आहे हें वाचकांस सांगावयास नको. ज्यांत कोणाचाहि अपराध नाहीं, तरी कोणाची तरी हानि आहे, असा हा प्रकार आहे. अपराध्याला शिक्षा करणें ही नीतीची सोपी बाजू होय. अपराधी सांपडत नाहीं आणि हानि मात्र समोर उभी आहे, अशा ठिकाणीं तिची खरी परीक्षा होते.

कांहीं वर्षांपूर्वीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें अमरावतीच्या शिळा आम्हीं पाहिल्या. ही अमरावती वऱ्हाडांतील नव्हे, कृष्णाकांठची. शुभ्र शिळांवर बुद्धाच्या चरित्रांतील प्रसंग इतक्या नाजुकपणें कोरलेले आहेत कीं, दगडाचा दगडपणाच विसरावा. वॉल्टर इलियट यांनीं १८४५ सालीं त्या खणून काढल्या, कांहीं वर्षें मद्रासेंत पडून राहिल्या, आणि १८५९ सालीं विलायतेस रवाना झाल्या. कांचेपलीकडे त्या पाहतांना आमच्या मनांत पहिला शब्द आला तो 'आमच्या'. मुठी वळल्या. हे परके लोक कोण, यांनीं आमचें धन कां अडकवून ठेवावें, असें वाटलें. पण मुंबईस येऊन सिंधच्या उपासकापुढें उभे राहिल्यावर तीच मूठ आपसूक सैल कां पडते? तेथें आम्ही म्हणतों, 'भूमीचा हक्क'. येथें म्हणतों, 'जतनाचा हक्क'. तेथें म्हणतों, 'सत्तेच्या बळावर नेलें तें नेणेंच नव्हे'. येथें म्हणतों, 'कायदेशीर रीतीनें आलें आहे'. दोन तराजू वापरणाऱ्या वाण्याला आपण लबाड म्हणतों. हे दोन तराजू आमच्याच घरांत निघाले, हें त्या दिवशीं आमच्या नातीनें नकळत दाखविलें.

दोन्ही प्रकरणें सारखींच आहेत असा याचा अर्थ नाहीं. जित लोकांची संमति कोणीं विचारली नाहीं तें एक, आणि एकाच राज्याच्या दोन जिल्ह्यांतील वाहतूक हें दुसरें. तथापि ज्याच्याजवळ वस्तु नाहीं त्याच्या मनाला काय वाटतें, हें दोहोंकडे सारखेंच आहे, आणि आम्ही बोलतों आहों तें त्या मनाविषयीं.

वस्तु जवळ बाळगणारा आपल्या बाजूनें जीं उत्तरें देतो, त्यांपैकीं जतनाचें उत्तर सर्वांत बळकट आहे. या संग्रहालयांतच अॅसिरियाच्या राजवाड्यांतील कांहीं कोरीव शिळा आहेत. इराकांतील निमरूद येथें ऑस्टेन लेयर्डनें १८४५ सालीं खोदकाम आरंभिलें. तेथील माल तराफ्यांवरून बसऱ्यास आणि तेथून मुंबईच्या मार्गानें विलायतेस जात असे. वाटेंत मुंबईकरांनीं पेट्या उघडून आंतील नवलाई पाहिली आणि त्या नीट बांधल्या नाहींत अशी लेयर्डची तक्रार होती. मुंबईकरांचें कुतूहल तेव्हांहि आजच्यासारखेंच होतें तर! असो. जे कोरीवकाम निमरूदलाच राहिलें, त्याचें काय झालें? २०१५ सालीं 'इस्लामिक स्टेट' या टोळीनें तो राजवाडा सुरुंग लावून उडविला आणि त्याचीं चित्रें अभिमानानें जगास दाखविलीं. ज्या शिळा परमुलखांत गेल्या त्या वांचल्या. घरीं राहिल्या त्यांची माती झाली. हें ऐकल्यावर नेणाऱ्यांस दोष देण्यास जीभ उचलत नाहीं.

पण दुसरीहि बाजू इतिहासांतच आहे, आणि ती आमच्या महाराष्ट्राच्या वांट्यास आलेली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून त्या लेण्यांत वर्षानुवर्षें काढलीं. त्या प्रतिकृति लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या, त्यांतील बहुतेक १८६६ च्या आगींत जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुन्हां तेंच काम हातीं घेतलें. त्यांचीहि पुष्कळ चित्रें १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या आगींत गेलीं. सुरक्षिततेसाठीं साता समुद्रांपलीकडे नेलेलें तें जळलें, आणि वाघुरेच्या कांठीं अंधारांत, वटवाघळांच्या सोबतीस राहिलेलें तें मूळ, कितीहि विद्रूप झालें असलें तरी, अजून आहे. अर्थात् एका अनुभवानें दुसरा खोडला जात नाहीं. या दोन्हींवरून आम्हीं एवढेंच घेतलें कीं, नेल्यामुळें वस्तु वांचली हा योगायोग असतो; तो नेणाऱ्याचा हक्क होत नाहीं. शेजाऱ्याच्या माजघरांतून मीं त्याचा तांब्याचा हंडा उचलून आणला, आणि दहा वर्षांनीं त्याच्या घरास आग लागली. हंडा वांचला याचा आनंद त्यालाहि होईल, मलाहि होईल. पण 'आग लागणार हें जाणूनच मीं तो आणला' असें मी म्हणूं लागलों तर ऐकणारे काय म्हणतील?

राहिलें काळाचें उत्तर. इतकीं वर्षें झालीं, आतां कसला वाद, असें म्हणतात. या बाबतींत आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनीं केलेला विचार आजच्या वकिलांनींहि पाहावा असा आहे. मनुस्मृतींतील अनेक वचनें आज कोणास मान्य होणार नाहींत, आम्हांसहि नाहींत. पण व्यवहाराच्या अठरा पदांत 'निक्षेप' म्हणजे ठेव आणि 'अस्वामिविक्रय' म्हणजे मालक नसलेल्यानें केलेली विक्री हीं दोन स्वतंत्र पदें मानणारी बुद्धि सूक्ष्म होती, हें नाकारतां येत नाहीं. मालकाच्या देखत, तो गप्प असतां, दहा वर्षें दुसऱ्यानें वस्तु उपभोगली तर मालकाचा हक्क जातो असें तेथें सांगितलें आहे. पण लगेच अपवाद दिले आहेत : गहाण, सीमा, ठेव, अज्ञान बालकाचें धन इत्यादि वस्तु कितीहि वर्षें भोगल्या तरी भोगणाऱ्याच्या होत नाहींत. कारण उघड आहे. जो बोलूं शकत नाहीं त्याच्या मौनाला संमति म्हणतां येत नाहीं.

ज्या प्रजेला स्वतःचें राज्य नव्हतें तिचें मौन असेंच बालकाचें मौन होतें. आणि जी पिढी अजून जन्मलीच नाहीं, तिच्याइतकें अज्ञान बालक दुसरें कोणतें? या दृष्टीनें पाहिलें म्हणजे संग्रहालयांतील प्रत्येक वस्तु ठेव ठरते. मग ती दानानें येवो, खरेदीनें येवो, कीं सीमा सरकल्यामुळें येवो. ठेव ठेवून घेणाऱ्यास कांहीं हक्क असतात, नाहीं असें नाहीं. तो ती कुलुपांत ठेवूं शकतो, चोरापासून राखूं शकतो. पण ती मोडून खाऊं शकत नाहीं, आणि 'ठेवणाऱ्याचें नांव मला आठवत नाहीं' असें तर मुळींच म्हणूं शकत नाहीं.

याच ठिकाणीं आक्कांची गोष्ट सांगितली पाहिजे. धारापुरीहून आलेल्या भंगलेल्या शिल्पांपुढें त्या आल्या, हात जोडूं कीं नको अशा संभ्रमांत क्षणभर थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "खंडित मूर्ति पाण्यांत सोडायची असते रे. हिला अशी उभी कां करून ठेवलीय?" आम्ही हंसलों, पण बोलण्यासारखें आम्हांजवळ कांहीं नव्हतें. जुन्या समजुतीप्रमाणें मूर्ति भंगली म्हणजे तिच्यांतील देवत्व निघून जातें. मग तिला आदरानें निरोप द्यावयाचा आणि नवी घडवावयाची. गणपतीला तर आपण अभंग असतांनाच निरोप देतों. सोडून देणें हीच ज्या समाजाची पूजा, त्याच्या वस्तु कायमच्या धरून ठेवणें हा त्या वस्तूंचा मान कीं अपमान? संग्रहालयाची सारी कल्पनाच मुळीं 'धरून ठेवणें' या एका क्रियापदावर उभी आहे. आम्हांस ती प्रिय आहे; ती नसती तर आम्हीं मीरपूर खास पाहिलें नसतें आणि निमरूदहि पाहिलें नसतें. पण आक्कांचा प्रश्न चुकीचा होता असें आम्हांस अजूनहि वाटत नाहीं. त्यांनीं निघतांना हळूच हात जोडले ते मूर्तीला कीं तिच्यांतून निघून गेलेल्याला, हें आम्हीं विचारलें नाहीं.

मग ज्याचें त्याला देऊन टाकावें, हाच न्याय नव्हे काय? पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि जेथें लूट उघड आहे तेथें तो विनाविलंब व्हावा. परंतु न्यायसुद्धां आंधळ्या हातानें केला तर काय होतें, याचें एक उदाहरण आमच्या देशानेंच घालून ठेवलें आहे. फाळणीनंतर मोहेंजोदडोच्या वस्तूंची दोन देशांत वांटणी झाली. नाचणारी मुलगी दिल्लीस राहिली, दाढीवाला 'पुरोहित राजा' कराचीस आहे. येथपर्यंत ठीक. पण सोन्याच्या व जेडच्या मण्यांचा एक हार होता; तो तोडून अर्धे मणी इकडे आणि अर्धे तिकडे करण्यांत आले. साडेचार हजार वर्षांपूर्वीं कोणा सिंधुकांठच्या कारागिरानें एका गळ्यासाठीं जो ओंवला, त्याचे आतां दोन हार झाले आहेत. हिशेब अगदीं बरोबर आहे. त्यांत एका मण्याचीहि चूक नसेल. फक्त हार उरला नाहीं. बापाच्या पितळी समईचे दोन तुकडे करून वांटून घेणारे भाऊ आम्हीं ऐकले होते. राष्ट्रेंहि तसेंच करतील असें वाटलें नव्हतें. दोघांनींहि त्या वस्तूस आपली मालमत्ता मानलें, ठेव कोणींच मानलें नाहीं.

देणें आणि अडकवून ठेवणें यांच्यामध्यें पुष्कळ वाटा आहेत. २०२४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें तीन वर्षांच्या बोलीनें सातारला आलीं. तीं शिवछत्रपतींनीं वापरलेलींच कीं काय, याची खात्री देतां येत नाहीं असें खुद्द त्या संग्रहालयानेंच सांगितलें होतें, आणि तीं आलीं तीहि उसनींच. तरी लोक मुलांबाळांसह पाहावयास गेले. मालकीचा कागद कोणीं पाहिला नाहीं. वस्तु घरीं येऊन गेली यांतच त्यांस समाधान वाटलें. सिंधचा तो उपासक असाच सहा महिने कराचीस जाऊन यावा, आणि पुरोहित राजा सहा महिने मुंबईस यावा, हें आजच्या परिस्थितींत कोणास वेडेपणाचें वाटेल. वाटो. ठेवीचा धर्म शेजाऱ्याशीं भांडण आहे म्हणून स्थगित होत नाहीं. उलट भांडण असतांनाच तो कसास लागतो.

हें होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत जें आजच करतां येण्यासारखें आहे, तें फलकावर एक ओळ वाढविण्याचें. पाश्चात्य देशांतील कांहीं संग्रहालयांनीं अशा ओळी लिहिण्यास अलीकडे आरंभ केला आहे. आमच्या उपासकाखालीं ती अशी असावी : 'मीरपूर खास येथें १९०९-१० सालीं उत्खननांत हा सांपडला; तेव्हां सिंध मुंबई इलाख्यांत होता; आतां तो गांव पाकिस्तानांत आहे.' तीनच क्रियापदें. पण तेवढ्यानें त्या मातीच्या मनुष्यास पुन्हां एक गांव मिळेल, आणि पाहणाऱ्यास आपण कोणाच्या वस्तूपुढें उभे आहों हें कळेल.

हा मजकूर आम्ही लिहीत असतां नातीनें नकाशांचें पुस्तक काढलें. मुंबईपासून मीरपूर खासपर्यंत दोरा ताणून धरला, नखानें खूण केली, आणि तोच दोरा मग दिल्लीकडे फिरविला. दिल्ली पुष्कळ लांब निघाली. तिनें दोनदां मोजून पाहिलें, आणि मग आक्कांना विचारलें, "हें तर दिल्लीपेक्षां जवळ आहे. मग आपण कधीं जायचें?"